खेळण्यातले ट्रॅक्टर, खऱ्या कंपन्यांचे सौदे: अर्टल विकली गेली की कलेक्टर एवढे का भडकतात

अमेरिकेत आयोवा राज्यात डायर्सव्हिल नावाचं गाव आहे. वस्ती चार-साडेचार हजार, आजूबाजूला नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन, आणि हे गाव स्वतःला जगातल्या फार्म टॉयची राजधानी म्हणवून घेतं. फार्म टॉय म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरची, नांगराची, कंबाइन हार्वेस्टरची मापात छोटी केलेली धातूची नक्कल, तोच रंग, तीच स्टिकरं, बॉनेटवर तोच मॉडेल नंबर. मुलांनी मातीत खेळायचं म्हणून हे सुरू झालं, मग तीच मुलं चाळिशी-पन्नाशीला आल्यावर तेच ट्रॅक्टर काचेच्या कपाटात लावायला लागली. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अर्टल, आणि ही अर्टल १९६७ पासून इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलीय की मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. तरी कलेक्टर मंडळी आजही ज्यावरून तावातावाने बोलतात ते सौदे दोनच, १९९९ चा आणि २०११ चा. बाकीच्यांबद्दल कुणी फारसं कुरकुरत नाही. असं का, हे एकदा नीट समजलं की कंपनी विकली जाते म्हणजे नक्की काय विकलं जातं हेही समजतं, म्हणून हा लांबलचक लेख.

आधी थोडा इतिहास. फ्रेड अर्टल हा डब्यूक शहरातला मोल्डर, म्हणजे फाउंड्रीत वाळूचे साचे करणारा कारागीर. साल १९४५, कारखान्यात संप, घरात मुलंबाळं. मग त्याने घराच्या तळघरातल्या भट्टीत लढाईच्या भंगारातले अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन वितळवले, वाळूच्या साच्यात ओतले आणि खेळण्यातले ट्रॅक्टर काढायला लागला. रंग मारायला आणि चाकं बसवायला घरातलीच माणसं. कोल्हापूरकडे ज्यांनी फाउंड्री बघितलीय त्यांना सांगायला नको, सँड कास्टिंगमध्ये नग काढताना साचा मोडतो, पुढच्या नगाला वाळू परत ठोकायची, त्यामुळे दोन नग अगदी शंभर टक्के सारखे येत नाहीत. ही सुरुवातीची थोडी खडबडीत, थोडी वेडीवाकडी अ‍ॅल्युमिनियमची पिल्लं आज कलेक्टरच्या दृष्टीने सोनं आहे. पुढे जॉन डियर, इंटरनॅशनल हार्वेस्टर, अ‍ॅलिस-चाल्मर्स अशा खऱ्या ट्रॅक्टरवाल्यांची कामं मिळाली, वाळू जाऊन स्टीलचे साचे, म्हणजे डाय, आल्या, आणि १९५९ मध्ये कारखाना डायर्सव्हिलला हलला.

मापांचं गणित सोपं आहे. १:१६ म्हणजे खरा ट्रॅक्टर १६ फूट लांब असेल तर खेळणं १ फूट. १:३२ म्हणजे तोच ६ इंच आणि १:६४ म्हणजे ३ इंच, तळहातावर मावणारा. अमेरिकन शेतकऱ्याच्या घरातलं क्लासिक माप १:१६, युरोपात १:३२ चालतं, आणि ज्यांना टेबलभर अख्खी शेती मांडायची असते, धान्याचे सायलो, कुंपणं, गाईगुरं वगैरे, ते १:६४ वाले.

आता विक्रीची साखळी. १९६७ मध्ये अर्टल कुटुंबाने कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटरला विकली. ही हिशोबाची यंत्रं बनवणारी कंपनी, डेझी एअरगनही तिच्याच ताब्यात. १९७७ मध्ये व्हिक्टरच वॉल्टर किडी नावाच्या कंपनीत गेली, हे आगीच्या एक्स्टिंग्विशरवाले. १९८७ मध्ये किडीला ब्रिटनच्या हॅन्सनने गिळलं, ज्यांच्याकडे विटांपासून सिगारेटपर्यंत सगळं होतं आणि जे कंपन्या विकत घेऊन तुकडे करून विकण्यासाठी प्रसिद्ध होते. १९९५ मध्ये हॅन्सनने अमेरिकेतल्या तीसेक कंपन्यांचं गाठोडं बांधून यूएस इंडस्ट्रीज म्हणून वेगळं काढलं, त्यात जकुझीचे टब होते, गोल्फचं सामान होतं आणि अर्टलही होती. म्हणजे बघा, हिशोबाची यंत्रं, अग्निशामक, विटा-सिगारेट, आंघोळीचे टब. एकाचाही खेळण्यातल्या ट्रॅक्टरशी काडीचा संबंध नाही.

आणि गंमत अशी आहे की कलेक्टर ज्याला अर्टलचा सुवर्णकाळ म्हणतात तो नेमका याच मालकांच्या काळातला. १९७८ मध्ये टॉय फार्मर नावाचं मासिक निघालं आणि त्याच साली डायर्सव्हिलला नॅशनल फार्म टॉय शो सुरू झाला, १९८६ मध्ये गावात म्युझियम उघडलं, १९९० च्या आसपास प्रिसिजन क्लासिक्स ही फार बारीक तपशिलाची मालिका आली, ज्यात इंजिनवरच्या वायरीसुद्धा दिसायच्या. हे सगळं होत असताना मालक कोण, तर एक्स्टिंग्विशरवाले किंवा विटावाले. तेव्हा 'आमची घरगुती अर्टल कॉर्पोरेटने खाल्ली' असं जेव्हा कुणी म्हणतं ना, तेव्हा त्यांच्या मनातली घरगुती अर्टल ही तेव्हाच्या कागदपत्रांत एका मोठ्या ग्रुपचा छोटासा डिव्हिजन होती. नावापुरती नाही, कायद्याने.

मग कलेक्टर खोटं बोलतात का? नाही हो. त्यांना जो फरक जाणवला तो खराच आहे, फक्त त्याचं कारण 'कॉर्पोरेट' हा शब्द नाही. कारण आहे मालकाची जात. ज्या मालकाला खेळण्यातलं काही कळत नाही त्याला दर वर्षाच्या शेवटी एक आकडा हवा असतो. तो आकडा आला की डायर्सव्हिलच्या माणसांनी कुठला ट्रॅक्टर काढावा, किती काढावा, बॉक्स कुठल्या रंगाचा असावा यात तो नाक खुपसत नाही, त्याला तेवढी अक्कलही नसते आणि वेळही नसतो. पण विकत घेणारा स्वतःच खेळणीवाला असेल तर? त्याला सगळं कळतं. त्याची स्वतःची फॅक्टरी आहे, सेल्स टीम आहे, गोदाम आहे, डिझायनर आहेत, वॉलमार्टच्या खरेदीवाल्याशी रोजचं बोलणं आहे. मग तो म्हणतो, तुमचं आणि आमचं असं दोन दोन कशाला, एक करू. मॅनेजमेंटच्या भाषेत याला सिनर्जी म्हणतात, आणि ज्याच्या टेबलावर ती सिनर्जी येऊन पडते त्याची नोकरी जाते. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ हे आहे, की न कळणारा मालक कलेक्टरला परवडला आणि कळणारा मालक महाग पडला.

१९९९ मध्ये नेमकं हेच झालं. रेसिंग चॅम्पियन्स नावाची इलिनॉयची कंपनी, १९८९ ची, नॅसकार रेसच्या गाड्यांची छोटी मॉडेलं विकायची, १९९७ मध्ये शेअर बाजारात आलेली. तिने यूएस इंडस्ट्रीजकडून अर्टल घेतली, साधारण ९.७ कोटी डॉलरला. स्वतः तुलनेने नवी, अर्टल वयाने तिच्या पाचपट आणि नावानेही मोठी, त्यामुळे कर्ज काढून घेतली. कर्ज काढून घेतलं की पहिली काही वर्षं त्या कर्जाचीच असतात: ज्या मॉडेलचा खप कमी ते बंद, जे दोन जागी होतं ते एका जागी, जे अमेरिकेत महाग पडतं ते चीनमध्ये. अर्टलचं काही काम त्याआधीच मेक्सिकोत आणि आशियात गेलं होतं, म्हणजे ही वाट रेसिंग चॅम्पियन्सने शोधलेली नव्हे, पण त्यांच्या काळात या वाटेचं टोक गाठलं गेलं आणि डायर्सव्हिलमधल्या ओतकामाचा शेवट झाला. गावातल्या माणसाला हा धक्का वेगळाच होता, कारण तिथे कलेक्टर आणि कामगार हे बऱ्याचदा एकाच घरात राहायचे.

इथे जरा थांबून एक ट्रॅक्टर उलटा करून बघू. माझ्या एका मित्राच्या टेबलावर आहे, तो पुण्यात ट्रॅक्टरच्याच क्षेत्रात आहे आणि कामानिमित्त मोलीनला जाऊन येतो, जॉन डियरचं मुख्यालय तिथे. जुना हिरवा १:१६, खेळून खेळून पिवळ्या रिमचा रंग उडालेला. हातात घेतला की आधी वजन जाणवतं, झिंकच्या मिश्रधातूचं. बॉडी दोन अर्ध्या भागांची, मधोमध जोडाची रेघ नखाला लागते. पोटाखाली ओतीव अक्षरात अर्टल, डायर्सव्हिल, आयोवा. मागच्या चाकाचं रिम धातूचं आहे का प्लास्टिकचं हे बघायचं, कारण एकाच मॉडेलचे हे दोन प्रकार निघतात आणि धातूवाला आधीचा असेल तर भाव बदलतो. पुढची दोन चाकं चिकटून आहेत की लांब आहेत, म्हणजे नॅरो फ्रंट की वाइड फ्रंट, सायलेन्सर मूळचा आहे की नंतर बसवलेला, स्टिकर कागदी आहे की नवीन छापून लावलेलं. आणि सगळ्यात शेवटी बॉक्स, जो याच्याकडे नाही, म्हणून हा ट्रॅक्टर कलेक्टरच्या लेखी अर्धाच. नव्या ट्रॅक्टरवर त्याच पोटाखाली मेड इन चायना असतं. क्वालिटी वाईट असते का? खरं सांगायचं तर बऱ्याचदा जास्त चांगली असते, रंगाच्या कडा स्वच्छ, तपशील बारीक. पण कलेक्टर जे जमवतोय ते फक्त तपशील नव्हे, त्याला ते गाव हवं असतं.

आता टेकओव्हरमध्ये विकलं काय जातं ते बघू. लोकांना वाटतं नाव विकलं. नाव विकलं जातंच, पण कलेक्टरच्या दृष्टीने खऱ्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, डाय आणि लायसन्स.

डाय म्हणजे स्टीलचा साचा, ज्यात ४०० डिग्रीच्या आसपास तापवलेला झिंकचा रस दाबाने मारतात आणि काही सेकंदांत नग बाहेर. एका १:१६ ट्रॅक्टरला एक डाय पुरत नाही, बॉडीचे भाग, बॉनेट, मडगार्ड, रिम, सीट, प्रत्येकाची वेगळी व्यवस्था, आणि हा खर्च नग विकण्याआधी करावा लागतो. म्हणून खेळण्याच्या कंपनीची तिजोरी म्हणजे तिचं डायचं कपाट. जो कंपनी घेतो त्याच्याकडे पन्नास वर्षांच्या डाय येतात आणि तो त्यांचं तीन प्रकारे काही करू शकतो: तशाच पडू देईल, भंगारात घालेल, किंवा परत चालवेल. तिसऱ्याला री-इश्यू म्हणतात आणि कलेक्टरला याचीच धास्ती. समजा तुम्ही एक दुर्मिळ मॉडेल घसघशीत पैसे मोजून घेतलं, आणि नव्या मालकाने त्याच डायवर तोच ट्रॅक्टर नव्या बॉक्समध्ये घालून दुकानात आणला, तर तुमच्या नगाचं काय? मूळ नग मूळच राहतो हे खरं, पण ज्याला फक्त कपाटात तो आकार हवा होता तो गिऱ्हाईक गेला. शिवाय एकाच डायवर स्टिकर बदलून चार वेगवेगळे मॉडेल नंबर काढायची युक्ती आहे, खऱ्या ट्रॅक्टरमध्ये बॉनेट वेगळं असतं आणि खेळण्यात तेच, आणि ज्याच्या शेतात तो खरा ट्रॅक्टर उभा आहे त्याला ही लबाडी दहा फुटांवरून दिसते. अशा चुका शोधण्यात ही मंडळी इतकी पटाईत आहेत की बोल्टचं डोकं कुठल्या बाजूला हवं यावर वाद होतात.

लायसन्स ही दुसरी गोष्ट आणि ती तर अर्टलची नाहीच. हिरवा-पिवळा रंग, उडी मारणारं हरीण, ते नाव हे जॉन डियरचं. अर्टल ते वापरते करार करून, विक्रीवर ठरावीक टक्के देऊन. अशा करारांत बहुतेक वेळा एक कलम असतं, की लायसन्स घेणाऱ्याचा मालक बदलला तर आमची परवानगी लागेल. म्हणजे अर्टल विकत घेणारा खरं तर जॉन डियरची मर्जी विकत घेत असतो, आणि जॉन डियर तीच परवानगी दुसऱ्यालाही देऊ शकते, दिलीही आहे, डायर्सव्हिलमधल्याच स्पेककास्टने जॉन डियरची मॉडेलं काढली आहेत. त्यात अर्टलचे ट्रॅक्टर पूर्वी खेळण्याच्या दुकानापेक्षा खऱ्या ट्रॅक्टरच्या डीलरकडे, स्पेअर पार्टच्या काउंटरवर विकले जायचे, बाप फिल्टर घ्यायला आला की पोरगा काचेवर नाक लावून उभा. म्हणजे गिऱ्हाईकही अर्धं जॉन डियरनेच आणून दिलेलं. खेळण्याच्या मोठ्या दुकानांना माल विकायची सवय असलेल्या मालकाला हा काउंटर छोटा वाटतो, आणि कलेक्टरचा अनुभव सुरू होतो तो तिथूनच.

त्यातून आणखी एक पदर आहे, तो म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरच्या कंपन्याही विकल्या गेल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीचा धंदा १९८५ मध्ये टेनेकोने घेऊन आपल्या केस नावाच्या ट्रॅक्टर कंपनीत घातला, १४ मे १९८५ ला रॉक आयलंडच्या फार्मॉल कारखान्यातून शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला, मॉडेल ५४८८. अ‍ॅलिस-चाल्मर्स त्याच वर्षी जर्मनीच्या डॉइट्झकडे गेली आणि तिचा भगवा रंग जाऊन हिरवा आला, १९९० मध्ये अ‍ॅग्को ही नवी ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली तेव्हा भगवा परतला. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर लाल ट्रॅक्टर चालवला त्याच्याकडून खरा ब्रँड आधीच गेलेला, उरला होता तो कपाटातला १:१६. मग तोही कुणीतरी विकला म्हटल्यावर माणूस चिडणार नाही तर काय. आपला धागाही इथे आहे बरं का: महिंद्राचा ट्रॅक्टर सुरू झाला तो १९६३ मध्ये याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून, कंपनीचं नाव इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया, कारखाना कांदिवलीला, आणि बी-२७५ हे मॉडेल मूळ त्यांचंच. महाराष्ट्रातल्या कित्येक शेतांत जो लाल ट्रॅक्टर राबला त्याचा चुलत भाऊ आयोवातल्या कपाटात आहे.

बरं, पुढे. रेसिंग चॅम्पियन्सने नाव बदलून रेसिंग चॅम्पियन्स अर्टल केलं, आणि २००३ मध्ये ते झालं आरसी२. नावातून अर्टल गेली ही कलेक्टरला लागलेली गोष्ट, पण त्याहून महत्त्वाचं ते दुसरं, की याच काळात आरसी२ ने लर्निंग कर्व्ह आणि द फर्स्ट इयर्स या कंपन्या घेतल्या, म्हणजे लाकडी थॉमस आगगाड्या, बाळाच्या बाटल्या, चोखण्या असा माल. यात पैसा जास्त आणि खात्रीचा, मुलं रोज जन्मतात. आता मिटिंगमध्ये जेव्हा पुढच्या वर्षाचा पैसा कुठे घालायचा हे ठरत असेल तेव्हा १९५० सालच्या ट्रॅक्टरची नवी डाय विरुद्ध बाळाची बाटली, कोण जिंकणार सांगायला नको.

२००७ मध्ये मग मोठाच फटका बसला. आरसी२ च्या थॉमस लाकडी गाड्यांच्या रंगात शिसं सापडलं, माल चीनमध्ये बनलेला, अमेरिकेत जून महिन्यात सुमारे १५ लाख नग परत मागवले. ट्रॅक्टर त्यात नव्हते, पण कंपनी तीच. २००८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंत शिशाची मर्यादा फार कडक केली आणि तपासण्या सक्तीच्या. प्रत्येक तपासणीला खर्च, आणि तो खर्च लाखभर नगांवर वाटला तर काही वाटत नाही, हजार-दोन हजार नगांच्या छोट्या आवृत्तीवर वाटला तर कंबरडं मोडतं. म्हणून बऱ्याच महागड्या मॉडेलच्या बॉक्सवर १४ वर्षांवरील असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे ही मुलांची वस्तू नव्हे, मोठ्यांची शोभेची वस्तू आहे. खेळण्याच्या बॉक्सवरच लिहायचं की याने मुलांनी खेळू नये, हा विनोद कायद्यानेच घडवून आणला.

आणि मग २०११. मार्च महिन्यात जपानच्या टोमीने जाहीर केलं की आरसी२ घेणार, शेअरला २७.९० डॉलर, एकूण साधारण ६४ कोटी डॉलर, तेव्हाच्या रेटने २,८०० कोटी रुपयांच्या घरात. टोमी १९२४ ची जुनी खेळण्यांची कंपनी, २००६ मध्ये टाकारा या दुसऱ्या जपानी खेळणीवाल्याशी एकत्र आलेली. तिला हे का हवं होतं ते समजायला सोपं आहे: जपानमध्ये मुलं कमी जन्मतात, घरचा बाजार आकसतोय, बाहेर जायलाच हवं, आणि त्या वेळी येन इतका मजबूत होता, ८० येनला एक डॉलर, की अमेरिकन कंपनी स्वस्तात पडत होती. आरसी२ ची अमेरिकेतली विक्रीची यंत्रणा, बाळांचा माल, थॉमसचं लायसन्स हे खरं आकर्षण. अर्टल त्या पोत्यात आली.

इथे कलेक्टर मंडळींच्या प्रतिक्रिया सगळ्या रंगाच्या आल्या आणि त्यातल्या काही मला अजिबात पटत नाहीत. सगळ्यात मोठा आवाज होता तो 'अमेरिकन शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जपानच्या हातात' हा. बाबांनो, माल आधीच चीनमध्ये बनत होता, त्याआधीचा एक मालक ब्रिटिश होता, तेव्हा कुणाचं रक्त उसळलं नव्हतं. या रागात थोडा जुना हिशोबही आहे, आयोवा-इलिनॉयच्या शेतकऱ्याने ऐंशीच्या दशकात कुबोटा आणि यानमारचे छोटे जपानी ट्रॅक्टर येताना पाहिले आणि त्याच वेळी स्वतःचे कारखाने बंद होताना पाहिले. पण खेळण्याच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही.

दुसरी प्रतिक्रिया शहाण्यांची: थांबा आणि बघा. हे लोक बहुतेक धंदेवाले डीलर, जे शोमध्ये टेबल लावतात. त्यांचे प्रश्न साधे होते, ऑर्डर कुणाला द्यायची, छोट्या डीलरला माल मिळणार की फक्त मोठ्या दुकानांना, शोसाठी दर वर्षी जो खास ट्रॅक्टर काढतात तो निघणार का, सुटा स्पेअर, एखादं चाक, एखादा सायलेन्सर मागवला तर कुणी फोन उचलेल का. मला हेच प्रश्न बरोबर वाटतात, कारण मालक बदलल्याचा परिणाम आधी इथे दिसतो, बॉक्सवरच्या लोगोत नाही.

तिसरी म्हणजे साठेबाज. मालक बदलणार कळलं की जुन्या बॉक्समधला शिल्लक माल उचलायचा, का तर पुढे 'टेकओव्हरच्या आधीचा' म्हणून भाव येईल. आता हे तपासून बघू. भाव कधी येतो? माल कमी असेल आणि मागणारे जास्त असतील तेव्हा. ऐंशी-नव्वदच्या दशकात लिमिटेड एडिशन, कलेक्टर एडिशन, अमुक शो एडिशन असं लिहून भरपूर माल निघाला, आणि लोकांनी तो गुंतवणूक म्हणून न उघडता माळ्यावर ठेवला. न उघडलेला, न खेळलेला, न मोडलेला. म्हणजे जवळपास सगळाच्या सगळा आजही शाबूत आहे, आणि जमवणारी पिढी सत्तरीत पोचली, त्यांची कपाटं लिलावात निघायला लागली. अशा मालाला दुर्मिळ कसं म्हणायचं? उलट सुरुवातीचे सँड कास्ट ट्रॅक्टर, किंवा साठच्या दशकातला मूळ पुठ्ठ्याच्या बॉक्ससकटचा नग, यांना भाव आहे, कारण ते मुलांनी खेळून संपवले, बॉक्स चुलीत गेले. ज्या वस्तू जपण्यासाठी विकल्या त्या स्वस्त आणि ज्या मोडण्यासाठी विकल्या त्या महाग, असा हा उफराटा बाजार आहे, आणि मालक कोण याने त्यात फार फरक पडत नाही.

चौथ्या प्रकारचे लोक सरळ दुसरीकडे गेले. डायर्सव्हिलमध्येच अर्टल घराण्यातल्या जोसेफ अर्टलने सुरू केलेली स्केल मॉडेल्स होती, स्पेककास्ट होती, म्हणजे गाव सोडायचीही गरज नाही. छोट्या कंपन्यांना छोटी आवृत्ती परवडते, त्या कलेक्टरचं ऐकतात, किंमत मात्र जास्त. आणि मला सगळ्यात आवडणारी जमात ती कस्टमवाल्यांची, जे म्हणतात कंपनी काढत नाही ना, आम्ही काढतो. बाजारातला साधा १:६४ घ्यायचा, उघडायचा, चाकं बदलायची, केबिन कापायची, स्वतः छापलेली स्टिकरं लावायची, आता तर थ्रीडी प्रिंटरवर सुटे भाग काढतात. यांना टेकओव्हरचं सोयरसुतक नसतं. त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे कच्चा माल पुरवणारा.

हेच नाटक ब्रिटनमध्येही झालं, थोड्या फरकाने. तिथे ब्रिटन्स नावाची त्याहून जुनी कंपनी, १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक करणारी, पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सैनिकांचा कंटाळा आला तेव्हा शेतीची खेळणी काढली आणि त्यातून १:३२ ट्रॅक्टरची परंपरा सुरू झाली. १९८४ मध्ये ती खाणीची यंत्रं बनवणाऱ्या डॉबसन पार्कने घेतली, १९९७ मध्ये अर्टलने, आणि दोनच वर्षांत अर्टलसकट रेसिंग चॅम्पियन्सकडे. पुढे २००५ मध्ये सैनिकांची शाखा तोडून आयोवातल्याच फर्स्ट गियरला विकली गेली, शेती मात्र राहिली आणि टोमीकडे आली. म्हणजे सैनिक एकीकडे, ट्रॅक्टर दुसरीकडे, शंभर वर्षांचं एक नाव दोन मालकांत वाटलं. तिथल्या कलेक्टरने मात्र अमेरिकनांइतका आरडाओरडा न करता पाकीट दुसरीकडे वळवलं, कारण त्यांच्याकडे पर्याय भरपूर: फ्रान्सची युनिव्हर्सल हॉबीज, जर्मनीची विकिंग आणि सिकू, हॉलंडची मार्ज मॉडेल्स. ब्रिटन्स तिथे आता मुख्यतः मुलांसाठी, टणक, परवडणारी, आणि बारीक तपशिलाची हौस असलेले बाकीच्यांकडे. मला विचाराल तर ही वाटणी वाईट नाही. सहा वर्षांच्या पोराला आरसा तुटेल म्हणून हात लावू न देण्यासारखा ट्रॅक्टर देऊन करायचंय काय.

टोमीच्या हाताखाली अर्टलचंही साधारण तेच झालं. एका टोकाला बिग फार्म, १:१६ मापाची प्लास्टिकची, दिवे-आवाजवाली, मुलांनी आपटायची मालिका, दुसऱ्या टोकाला प्रेस्टीज, मोठ्यांसाठी. मधला जो पट्टा होता, मजबूत पण साधा धातूचा ट्रॅक्टर, जो पोराने खेळावा आणि बापाने नंतर पुसून कपाटात ठेवावा, तो बारीक झाला. जुने कलेक्टर हळहळतात ते खरं तर या मधल्या पट्ट्यासाठी, आणि इथे माझी पूर्ण सहानुभूती त्यांच्या बाजूने. टोमीलाही तो सौदा सोन्याचा ठरला असं नाही, पुढच्या वर्षांत त्या खरेदीतल्या गुडविलची किंमत हिशोबात खाली आणावी लागली. गुडविल म्हणजे कंपनीच्या इमारती, डाय, माल यांच्या किमतीपेक्षा वर मोजलेले पैसे, नावासाठी आणि उद्याच्या आशेसाठी दिलेले. ती आशा फळली नाही की ऑडिटर म्हणतो, आकडा कमी करा, आणि तो तोटा म्हणून दिसतो.

नॅशनल फार्म टॉय शो अजून दर नोव्हेंबरला डायर्सव्हिलला भरतो, शाळेच्या जिममध्ये आणि आजूबाजूच्या हॉलमध्ये टेबलं लागतात, कोण मालक आहे याचा शोवर परिणाम झालेला नाही. म्युझियममध्ये ३०,००० च्या वर खेळणी आहेत, शिकागोहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर, मिडवेस्टात राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारात सहज होण्यासारखं. आणि कुणाला तिथून भाच्या-पुतण्यांसाठी आणायचाच असेल तर १:६४ आणा, १:१६ चा बॉक्स अर्धी सुटकेस खातो आणि बॉक्स टाकून आणलात तर कुणीतरी कलेक्टर आयुष्यभर बोलणार नाही.